उलटं चिन्ह, सुलटं चिन्ह

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात आईचा फोन आला, "सुट्टीत इकडं येऊ नको. प्यायलाच पाणी न्हाई, तू आंघोळ कशानं करशील?" मी तेव्हा नांदेडला, विष्णुपुरीजवळ खोली घेऊन इंजिनिअरिंग करत होते. घरमालकाच्या बोअरला थोडंफार पाणी होतं. खोलीतली मैत्रीण जळकोटची. तिलाही घरून हेच सांगितलेलं. राहिलो दोघी तिथंच.

मी वापरायचे त्या टेक्स्ट एडिटरसाठी मराठी टाइप करायचं एक मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, होतं. मैत्रीण त्याच्यातली मदतीची माहिती वाचून ते शिकत होती. एका दुपारी वैतागून म्हणाली, "इथं दुसऱ्या आज्ञेचं नाव दिलंय, पण दाबलं तर काहीच उघडंना."

ती माहिती कोडमध्येच लिहिलेली असते, म्हणून मी कोड पाहिला. आमच्या एडिटरमध्ये नावाच्या आधी एक उलटं, कललेलं चिन्ह लागतं आणि शेवटी साधं एकेरी अवतरणचिन्ह. तरच त्या नावाची लिंक होते. इथं दोन्हीकडं साधंच टाकलेलं.

"मग एका झटक्यात सगळी चिन्हं बदल की," ती म्हणाली.

"न्हाई जमणार. कोडच्या उदाहरणांत तेच साधं चिन्ह बरोबर हाय. ते बदललं तर उदाहरण चालायचं न्हाई."

मग ती मोठ्यानं वाचायची आणि मी बदलायचे. कूलरमध्ये पाणी घालायला मनाई होती, तो नुसती गरम हवा फेकायचा. "हे नाव का उदाहरण?" यावर आम्ही अशा भांडायचो की घरमालकीण डोकावून जायची. एकदा तर ती आमची समजूत काढायला चिवडाच घेऊन आली.

'आम्ही दोघींनी शोधलेल्या' असं लिहून दुरुस्त्या पाठवल्या. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या परदेशातल्या गृहस्थांचं उत्तर आलं: स्वीकारल्या, आभार, आणि सोबत कोण होतं? मैत्रीण म्हणाली, "माझं नको. मी नुसतं वाचलं." मी तिचं नाव कळवलं. नव्या आवृत्तीच्या आभारांत ते छापून आलं, तशी तिनं जळकोटला वडिलांना फोन लावला.

"अण्णा, नाव लागलं माझं!"

"नोकरी लागली?" त्यांचा आवाज मला पलंगावर ऐकू आला.

"न्हाई हो, नाव."

"बरं," ते म्हणाले, "नाव बी लागावंच की."

ती हसता हसता रडायला लागली. मीही.

ती आता हैदराबादला असते, आमचं बोलणं सणासुदीला. तेव्हा घरी आई टँकरपुढं घागर घेऊन उभी असायची आणि मला मात्र तो उन्हाळा अजून हवाहवासा वाटतो.