गंधाखालची खपली

बाहेर कुणालाच हे कधी सांगितलं नाही. माझ्या कपाळावरचं अष्टगंध देवासाठी नव्हतं. त्याखाली कोडाचा डाग होता. बायकोला ठाऊक होतं. माझ्यासाठी तीही गप्प राहिली.

रे रोडला लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम, सगळं उन्हातलं. डाग हळूहळू खरखरीत लागू लागला, पॉलिश पेपरवर बोट फिरवावं तसा. दिसायचं कमी, हाताला लागायचं जास्त. खपली धरायची, मी नखाने काढायचो, पुन्हा धरायची. वर गंध लावलं की झालं.

यंदा उन्हाळ्यात गंधातून रक्त ओघळलं. धाकटा भाऊ सुनील समोर होता. त्यानेच परळच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर मॅडमनी गंध पुसायला सांगितलं. सुनील शेजारीच बसलेला. त्याच्या दोन्ही हातांवर कोड आहे, लहानपणापासून. बाहेर पडल्यावर म्हणाला, "दादा, आपण मॅचिंग निघालो की रे." एकटाच हसला.

मला हसता आलं नाही. काळाचौकीच्या आमच्या मंडळात एकदा लोक कुजबुजले, तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, "सुन्या, प्रसादाला तू नको बसू. लोकांना किळस येते." तेव्हापासून तो चपला सांभाळतो. प्रसाद मी वाटतो, कपाळभर गंध लावून. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

बायॉप्सी झाली, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंत झोप नव्हती. आलं ते ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे वर्षानुवर्षं ऊन लागून कातडीवर धरलेला खरखरीत चट्टा.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या, "पण दुर्लक्ष केलं तर पुढे होऊ शकतो. कोडाच्या कातडीत रंग नसतो, ऊन थेट लागतं. आपल्याकडे कमी दिसतं, म्हणून लोक उशिरा येतात."

मग क्रायोथेरपी. लिक्विड नायट्रोजन मारून ती जागा गोठवतात. चटका बसल्यासारखं झोंबलं. फोड आला, काळी खपली धरली, गळून पडली. आता टोपी, सनस्क्रीन आणि अधूनमधून तपासणी. सनस्क्रीन सुनीलच्या हातांनाही सांगितलंय. ट्यूब त्यानेच आणली, दोघांत एक.

कोड असेल आणि काम उन्हातलं असेल, तर डागांवरून बोट फिरवून बघा. खरखर लागली, खपली परत परत धरली, तर झाकू नका, दाखवा. झाकण्यात माणूस फार दमतो.

यंदा गणपतीत गंध लावणार नाही, एवढं ठरलंय. सुनीलची माफी अजून मागितलेली नाही. ती मंडपात, त्याच लोकांसमोर मागायची आहे, आणि प्रसादाचं ताट त्याच्या हातात द्यायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो.