ऑरिनचे अकरा सेकंद

पडदा वर जातो तेव्हा समोर एक कोठार आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या टेकडीवरचं. आधी गाईंच्या चाऱ्याचं, मग वीस उन्हाळे आमच्या नाटकमंडळीचं, आणि आता 'मड सीझन' या रॉक बँडचा स्टुडिओ. मी जिथे राणी होऊन मेले, तिथे ड्रम मांडलेत. मधोमध ऑरिन लाबाउंटी बसलाय. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस, आणि तोंड नासलेलं दूध प्यायल्यासारखं.

ऑरिन गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. उरलेलं आयुष्य या बँडच्या मागे. बावीस वर्षं मैदानात काठीवर मायक्रोफोन उभारून त्याने त्यांच्या मैफली कॅसेटवर घेतल्या. बँडची परवानगी असते. टेप वाटायची, विकायची नाही. काठीजवळ बोलणं नाही, टाळ्या नाहीत, नाच तर नाहीच. आम्हा नटांनाही इतकी शिस्त नव्हती.

एकदाच तो नाचला. जत्रेच्या मैदानात एक गाणं, तिथल्या तिथे सुचत, वाढत वाढत अर्ध्या तासावर गेलं आणि ऑरिनचं भान हरपलं. कॅसेटची बाजू संपली. ती उलटेपर्यंत अकरा सेकंदांचं गाणं निसटलं. लेबलवर त्याने लिहिलं, 'माझी चूक.' पुढे कुणीतरी नक्कल करताना मधली शांतता कापून दोन्ही टोकं जोडली. तीच नक्कल बँडकडे पोचली, लेबलाशिवाय.

आज गिटारवाला थॅड किंबॉल नव्या अल्बमचं तेच गाणं ऐकवत होता. ऑरिनच्या टेपवरून बसवलेलं, म्हणून कव्हरवर त्याचं नाव येणार होतं. इस्त्री त्यासाठीच, आणि सोबतीला मला आणलं तेही.

गाणं सुरू झालं. आयत्या वेळी सुचलेलं सगळं पोपटासारखं पाठ! त्या दिवशी मैदानात गिटारची तार तुटली तेव्हाचं अडखळणंसुद्धा घोकलेलं. मग चढत चाललेला सूर एकदम भलतीकडेच जाऊन पडला.

"ही उडी!" थॅड ओरडला. "पाच महिने घासली. तेव्हा कशी सुचली कोण जाणे."

"सुचली नव्हती," ऑरिन म्हणाला. "मी कॅसेट उलटत होतो."

ड्रमवाला हसला. एकटाच.

"मधलं तुम्ही वाजवलं होतं. झकास होतं. मी नाचत बसलो, म्हणून गेलं."

थॅडने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोरा, तू काही ऐकलं नाहीस हं. ऑरिन, बाबा रे, कव्हर छापायला चाललंय. गप्प राहा, तुझं नाव मोठ्या अक्षरांत टाकतो."

शी! रंगमंचावर मी कित्येकदा वाक्यं विसरले, पण विसरणं हीच कला म्हणून कधी खपवलं नाही.

टेबलावर कव्हरचा नमुना होता. ऑरिनने आपल्या नावावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. अक्षरांवर काळा पट्टा उमटला. बावीस वर्षांत त्याचं नाव कुठेही छापून आलं नव्हतं. माझंच मन द्रवलं.

"घे की रे," मी कुजबुजले. "तू कमावलंयस ते."

"गप गं म्हातारे." त्याने टोपी चढवली आणि थॅडकडे वळला. "माझ्या हातून सांडलं, त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही ते जमिनीवरून उचलून लोकांच्या ताटात वाढताय. खोड माझं नाव."