जपानच्या लॅबमधला झाडू

मंडळी, आज दुपारी घडलेलं सांगते. अजून डोक्यातून जात नाहीये.

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ जपानला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतोय. आमच्या आईने नाशिकरोडला लोकांची ऑफिसं झाडून-पुसून आम्हा दोघांना शिकवलं. लहानपणी आमच्या हातात झाडू दिसला की ती हिसकावूनच घ्यायची. "हे माझ्यापर्यंतच. तुम्ही पुस्तक धरा."

आज सिद्धूने लॅबमधून व्हिडिओ कॉल केला, तर त्याच्या हातात झाडू!

आईचा चेहराच पडला. "यासाठी गेलास का रे एवढ्या लांब?"

"अगं आई, इथे आठवड्यातून एकदा सगळेच साफसफाई करतात. हे बघ आमचे सर." त्याने फोन फिरवला. पांढऱ्या केसांचे प्रोफेसर गुडघ्यांवर बसून मशीनखाली सांडलेलं तेल पुसत होते. आईला पाहून त्यांनी फडकं हातात घेऊनच वाकून नमस्कार केला. आईने गडबडून हात जोडले.

कॉल संपल्यावर ती उठून भांडी आवरायला लागली. मला वाटलं, अजून रागातच आहे.

मग म्हणाली, "मी झाडायला गेले की आमचे साहेब बसल्या जागी नुसते पाय वर घ्यायचे. मी खालून झाडायचे."

मी हो म्हटलं आणि विषय बदलला. कारण उद्या सकाळी माझ्या ऑफिसातल्या मावशी झाडू घेऊन माझ्या टेबलाशी येतील, आणि मीही रोज पायच वर घेते.

तुम्ही काय करता?