मागून दिलेली हाक

समोर आलेल्या कागदावर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही, याचा सरकार मला पगार देतं. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. फाइल फार स्वच्छ दिसली की मी ती आधी बाजूला काढते. ही सवय संध्याकाळी माझ्याबरोबर दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये येते आणि चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, तू कोथिंबिरीच्या जुडीवरही चौकशी समिती नेमतेस. म्हणू दे. त्याने आणलेली जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते.

लेक अकरावीत गेली आणि माझा संशय तिच्याकडे वळला. आधी केस. लहानपणापासून घट्ट वेणी घालणारी मुलगी एकाएकी केस मोकळे सोडून हिंडू लागली. केसांच्या आड, कानांत, ते पांढरे इअरबड्स. शाळेच्या बसमध्ये, क्लाससाठी द्वारकेला जाताना मेट्रोत, अभ्यास करताना, जेवतानासुद्धा. मेट्रोत शेजारी बसलं की तिचं गाणं मलाही ऐकू यायचं. हाक मारली तर आधी "काय?" यायचं, मग नुसतं "हां". भात वाढू का, हां. भात नको का, हां. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याचं ठरलेलं उत्तर, "वय आहे गं."

माझ्या डोक्यात अर्थातच एखादा मुलगा होता. ती आंघोळीला गेली की मी तिचा फोन तपासायचे. फोनमध्ये काही सापडलं नाही. गाणी, क्लासच्या नोट्स, मैत्रिणींची बडबड. त्यामुळे संशय वाढलाच. ज्या फाइलमध्ये काहीच सापडत नाही, ती कोणीतरी आधीच साफ केलेली असते.

आमच्या घरात एक नियम आहे. बाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. नोकरीपायी दिल्लीला आलेल्या आमच्यासारख्या सगळ्याच घरांत तो असतो आणि मूल शाळेत जाऊ लागलं की बहुतेक घरांत मोडतो. आम्ही हट्टाने टिकवला होता. लेकीने हिंदीत काही मागितलं तर ते मिळायचंच नाही. एका रविवारी मी थालीपीठं लावत होते. स्वयंपाकघरातूनच ओरडले, "उलथणं दे गं जरा, टेबलावर राहिलंय." ती त्याच टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती, "हां" म्हणाली आणि बसूनच राहिली. पुन्हा ओरडले, पुन्हा "हां". शेवटी नवरा तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि नियम मोडून म्हणाला, "बेटा, मम्मी को वो पलटा दे दे." ती लगेच उठली.

थालीपीठ करपलं, पण माझं कोडं सुटलं. मुलगाबिलगा काही नाही, हिची मराठी चालली. आज उलथणं गेलं, उद्या आणखी काही जाईल, आणि एक दिवस आई जाऊन मम्मी येईल. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. साताऱ्याहून माझी आई फोन करायची तेव्हाही ही दोनदा "हां आजी" म्हणून फोन माझ्या हातात कोंबायची. तेही आता नीट जुळलं. पोरीला आपली लाज वाटायला लागली, असं मी पक्कं ठरवून टाकलं.

मग मी उपाय सुरू केले. ओळखीच्या मराठी कुटुंबांनी रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवला होता, त्यात तिला घातलं. घरात एकही हिंदी शब्द नको, असा नवऱ्यालाही दम भरला. वर्गातल्या काकू म्हणाल्या, "गुणी आहे हो मुलगी, दर वेळी पहिल्या बाकावर बसते." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ही आणि पहिल्या बाकावर? जन्मभर खिडकीजवळचा शेवटचा बाक पकडणारी ही मुलगी कोणाला दाखवायला पुढे बसते? आणि पुढे बसूनही काकूंनी वाचून दाखवलेल्या गोष्टीतलं तिला घरी आल्यावर काही सांगता यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

हिवाळ्याच्या तोंडाशी तिला ताप आला. नेमका क्लासच्या परीक्षेच्या सकाळी, त्यामुळे तापावरही माझा विश्वास नव्हता. मी तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने तो टीं-टीं वाजला. तिने काढला नाही. माझ्याकडे बघत पडून राहिली.

"काढ की," मी म्हटलं.

"वाजू तर दे."

केस वर बांधलेले, दोन्ही कान उघडे. इअरबड्स टेबलावर डबीत होते. मला वाटलं नाटक करते आहे, म्हणजे जरा जास्त वेळ ठेवून आकडा वाढवायचा. मी थर्मामीटर काढून घेतला. ताप खरा होता. मग मी तो झटपट माझ्या काखेत ठेवला, तिच्या मागे जाऊन उशाशी उभी राहिले, आणि वाजू लागताच काढून तिच्या कानाजवळ धरला. तो वाजत राहिला. पापणीही हलली नाही. "आई, काय करते आहेस मागे?" तिने विचारलं, कारण माझी सावली भिंतीवर पडली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. हसू मात्र आलं नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे तिला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर, मशीन चालवणाऱ्या मुलीच्या शेजारी उभी होते. आवाज सोडला की मशीनवर दिवा लागायचा. आधी दिवा लागे आणि लेकीचा अंगठा दाबला जाई. मग दिवा लागत राहिला आणि अंगठा नुसता तयार राहिला. ती शहाण्या मुलीसारखी ताठ बसून वाट बघत होती, आणि आवाज तर येऊन जात होते. काच बडवून तिला दाब, दाब म्हणावंसं वाटलं मला.

डॉक्टर बाईंनी तिला समोर बसवून गाण्यांबद्दल विचारलं, रोज किती वेळ, आवाज किती मोठा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जो चला गया, वो वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे संभालिए." बाईंना कानाचं यंत्र खपवायचं असेल, असं म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीच्या कागदावरची ऐकण्याची रेघ तिथेही तशीच उजवीकडे खाली घसरली होती. या एका कागदात मला खोट काढता आली नाही.

बाहेर दवाखान्याच्या आवारात बाकावर बसलो. ती समोर बघत बोलू लागली. कानात मागच्या वर्षापासून बारीक शिट्टी वाजते. द्वारकेत सारखी विमानं जातात, त्यांचाच आवाज कानात राहत असेल असं तिला वाटलं होतं. ती शिट्टी दबावी म्हणून ती गाणी आणखी मोठी करायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आधी फोन काढून घेतला असतास."

ते खरं होतं. मग मी उलथण्याचं विचारलं. मराठीची लाज वाटते का, हेही विचारून टाकलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुठल्या परक्या बाईशी बोलते आहे.

"लाज कसली, यार? हिंदी दिवसभर कानावर असते, अर्धं ऐकू आलं तरी बाकीचं अंदाजाने भरून काढता येतं. मराठी फक्त तुम्ही दोघं बोलता. तीही स्वयंपाकघरातून."

आता घरात नवा नियम आहे. ज्याला बोलायचं त्याने तिच्या समोर जाऊन बोलायचं. इअरबड्स माझ्या कपाटात आहेत. नवरा नियम पाळतो. मी पाळत नाही. तिच्या नकळत मागे उभी राहते, हळूच काहीतरी बोलते आणि बघते. रेघ आणखी घसरली का, हे डॉक्टरांच्या पुढच्या तारखेपर्यंत कळणार नसतं आणि मला तेवढा धीर नाही.

परवा संध्याकाळी ती टेबलाशी गणितं सोडवत होती. मी मागून अगदी हलक्या आवाजात "छकुले" म्हटलं. लहानपणी मी तिला तसं म्हणायचे.

तिने मान वळवली. "काही म्हणालीस?"

"काही नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "आई, सगळे हेच म्हणतात. क्लासमध्ये, बसमध्ये. मी विचारलं की 'काही नाही', 'जाने दे'. तेवढं मला बरोबर ऐकू येतं."

मी टेबलाला वळसा घालून तिच्या समोर जाऊन बसले.

"छकुले म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग परत म्हण," ती म्हणाली आणि माझ्या ओठांकडे बघत थांबली.