साधा, सावध डॉक्टर

आमचे अप्पा चिडले की आवाज चढवत नसत, उलट आणखी सावकाश बोलत. माझे हे थोरले काका मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या काळात इंदूरला सेशन जज होते आणि त्यांच्या घरी राहून मी मेडिकल कॉलेजात शिकत होते. जेवताना ते एकेक शब्द सुटा करून बोलू लागले, की काकू समजायची, आज कोर्टात काहीतरी बिनसलंय.

‘बिचारा’ हा शब्द त्यांना खपत नसे. “बिचारे दोन्हीकडे असतात,” ते म्हणत. “मला झालं काय ते सांगा.”

तेव्हा खटल्यात असेसर बसत. शहरातले तीन-चार प्रतिष्ठित लोक. पुरावा ऐकून ते आपलं मत देत, पण ते मानायचं बंधन जजवर नसे. बहुतेक जज त्यांच्याशी दोन शब्द बोलून मोकळे होत. अप्पा मात्र त्यांना नीट समजावत, आधी मराठीत, मग हिंदीत.

एकदा एका डॉक्टरचा खटला आला. तापाने फणफणलेल्या बाळंतिणीला त्याने पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि ती तिथेच गेली. पूर्वी याच औषधाने तिचं अंग सुजलं होतं. तिची आई ते सांगत होती, पण डॉक्टरने तिला बोलूच दिलं नाही.

शहरातला एकही डॉक्टर साक्षीला येईना. शेवटी अप्पांनी कोर्टातर्फे एका बड्या डॉक्टरांना बोलावलं. ते अप्पांचे सकाळी फिरायला जायचे सोबती. म्हणाले, प्रत्येकाची आपापली पद्धत असते. “तुमची कोणती?” अप्पांनी विचारलं. “साहेब, मी तिथे नव्हतो,” एवढंच ते बोलले.

त्या दिवशी मीही कोर्टात बसले होते. अप्पा असेसरांना म्हणाले, “सबसे बड़ा डॉक्टर क्या करता, हे विचारू नका. रोगी दगावला म्हणून डॉक्टर गुन्हेगार होत नाही. साध्या, सावध डॉक्टरने त्या जागी काय केलं असतं आणि हा त्याहून किती खाली गेला, एवढंच बघा.”

असेसरांतले एक कापडाचे व्यापारी म्हणाले, “जजसाब, डॉक्टरसाब देवमाणूस हैं. आमच्या घरचे सगळे त्यांच्याकडेच जातात.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. अप्पांनी पुन्हा समजावलं. उत्तर तेच आलं.

असेसरांचं मत ते बाजूला सारू शकले असते. पण साधा डॉक्टर काय करतो, हेच पुराव्यात नव्हतं. अप्पांनी आरोपीला सोडलं. बाळंतिणीची आई बराच वेळ तिथेच बसून होती.

संध्याकाळी जेवताना अप्पांनी मला विचारलं, “तुमच्या कॉलेजात काय शिकवतात? सुई द्यायच्या आधी विचारायचं असतं?”

मी म्हटलं, ते तर पहिलंच.

“म्हणजे सगळ्यांना माहीत आहे,” ते म्हणाले आणि ताट सारून उठले.

त्यानंतर ते एकटेच फिरायला जाऊ लागले. त्या सोबती डॉक्टरांबद्दल कधी वावगं बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त खुपायचं.

पुढे इंदुरातच पलासियाला माझा दवाखाना असताना एक वकील असंच एक प्रकरण घेऊन आले. आरोपी डॉक्टर माझ्या चांगल्या ओळखीचा. मी साक्षीला गेले, आणि साधा डॉक्टर काय करतो ते शपथेवर सांगितलं. तेव्हापासून इथल्या डॉक्टर मंडळींच्या लग्नकार्याला मला बोलावणं येत नाही. त्याचा राग येतो, अजूनही येतो. पण त्या दिवशी साक्ष देऊन मी घरी आले, तेव्हा ज्यांना हे सांगायचं, ते अप्पाच हयात नव्हते.