गुरांच्या दवाखान्यातला काळा चहा

कान तुटलेल्या कपात काळाभोर चहा, त्यावर गुळाचा तांबूस फेस, आणि समोरच्या वाटेनं जंगलातून परतणारी गावभरची गुरं — बालपणाची कुठलीही आठवण काढायला गेले की आधी हे चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. धुळीला शेणाचा, चिरडलेल्या पानांचा आणि हंगाम असला तर मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास यायचा. गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ठकठक करत पुढे सरकायच्या. आणि दवाखान्याच्या पायरीवर बसलेले अब्बा एकेका गायीची कातडी, डोळे, शेपटीखालचं शेण असं सगळं निरखत तो चहा भुरकायचे. आत चुलीपाशी अम्मी स्वतःशीच बोलायची, पण वाटेवरच्या गुराख्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात — "इतल्या गाई चालल्या घरासमोरून, अन् गुराच्या डॉक्टरच्या घरी चहाले थेंबभर दूध नाई! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा!"

अब्बा डॉक्टर नव्हतेच. ते पशुधन पर्यवेक्षक होते, आणि ही गोष्ट ते दिवसातून निदान एकदा तरी कुणाला तरी समजावून सांगत. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, डॉक्टरभाऊ." नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांची बदली भामरागडच्या वाटेवरच्या या नदीकाठच्या माडिया आदिवासींच्या गावात झाली. पावसाळ्यात पूर आला की पलीकडचं जग तुटायचं, आणि ते पुन्हा जोडलं जाईपर्यंत पावडरच्या दुधाचा डबाही संपलेला असायचा. अम्मी चामोर्शीची. तिच्या भावाचं तिथे बांगड्यांचं दुकान होतं, दारात नळ होता, सकाळी गवळी यायचा. या गावात आल्यापासून तिचं एकच मागणं होतं — बदली करून घ्या, मला परत चामोर्शीला न्या. ती चिडवायची, टोमणे मारायची तेव्हा आमच्या झाडीपट्टीतल्या मराठीत बोलायची. खरोखर राग आला की हिंदीवर जायची. अब्बा हिंदी ऐकू आली की लसीचा थर्मास तपासायला उठत.

दवाखाना दोन खोल्यांचा. एकीत औषधं, दुसरीत आम्ही. मधल्या दाराला फक्त गोणपाटाचा पडदा होता, त्यामुळे फिनाईल, आयोडिन, जंताचं कडू औषध आणि कोपऱ्यातली गुरांसाठीची जवसाची ढेप, म्हणजे पेंड, यांचे वास आमच्या भातावरही येऊन बसायचे. आजही कुठे ढेपेचा वास आला की मला भूक लागते — नवरा म्हणतो हे बरं लक्षण नव्हे.

अब्बांचं सगळं ज्ञान घरातही चालायचं, हा खरा वैताग होता. ताटाकडे बघून ते म्हणायचे, "भात हा झाला कोरडा चारा. हिरवा चारा कुठे आहे?" मग अम्मीला पालेभाजी वाढावी लागे. डाळ म्हणजे खुराक. गावातल्या वासरांना जंताचं औषध पाजायचा दिवस ठरला की त्याच दिवशी मलाही — माझं वेगळं असायचं, पण वासरांना पाजायच्या बांबूच्या नळीकडे बघत मी ते एका दमात गिळून टाकायची. आणि ईदच्या सकाळी, नवा फ्रॉक घातल्यावर, अब्बा गुरांच्या छातीचा घेर मोजायची फीत माझ्याभोवती गुंडाळून वजन सांगत. "वाढ बरी आहे," असं त्यांनी म्हटलं की माझी ईद साजरी व्हायची. एकदा त्यांनी अम्मीलाही विचारलं, तुझी तब्येत उतरलेली दिसते, क्षार कमी पडतात का? त्या दिवशी घरात बराच वेळ हिंदी चालली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गावात आल्या आल्या अब्बांनी घरोघर जाऊन विचारलं होतं, गाय दूध देते का? देते, असं उत्तर आलं. किती देते? "वासराले पुरते." सगळ्या गावाचं हेच उत्तर. अब्बांनी त्यावरून निदान केलं — कुपोषण! नुसत्या तणसावर, भाताच्या पेंढ्यावर जगणाऱ्या गाई, क्षार नाहीत, पोटात जंत; दूध येणार कुठून? मग त्यांनी कंबर कसली. मोहाच्या झाडाखाली बैठका भरू लागल्या. तणसावर युरियाचं पाणी शिंपडून ते कसं झाकून मुरवायचं, ढेप कधी आणि किती द्यायची, गाभण गायीला काय हवं, पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस का टोचून घ्यायची... अब्बा तळमळीनं सांगायचे आणि दर वाक्याच्या शेवटी म्हणायचे, "दूध वाढेल!" क्षारांच्या चाटण-विटा त्यांनी गोठ्यागोठ्यात टांगल्या. त्यांची खारट चव मला अजून आठवते. कशी, ते विचारू नका.

आणि गाव ऐकायचं! पालथ्या घड्यावर पाणी जाईल अशी अब्बांना धास्ती होती, पण इथे तर सांगितलेलं सगळं होत होतं. सर्वांत पुढे राजेबाई. ही आमच्या शेजारची, हाडापेरानं मजबूत, गोंदलेल्या कपाळाची, कमी बोलणारी बाई. तिची मोगरी नावाची गाय वर्षभरात ओळखू येईनाशी झाली. अंगावर तकाकी आली, फासळ्या दिसेनात.

"राजेबाई, दूध वाढलं का?" अब्बा कुंपणावरून विचारायचे.

"वाढलं नं, डॉक्टरभाऊ."

"किती?"

राजेबाई थोडा विचार करायची. "वासराले पुरते."

अब्बा गोंधळून घरी येत. मग खुराक आणखी वाढवायला सांगत. तुम्ही म्हणाल, या माणसानं एकदा पहाटे जाऊन धार काढताना का बघितलं नाही? तर अब्बा अतिशय भिडस्त. बायांच्या कामाच्या वेळी परक्या पुरुषानं गोठ्यात जाऊ नये अशी इथली रीत असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तर अब्बांनी वरच्या साहेबांना कळवलं, गावात दूध वाढलं. साहेब खूश झाले. थंडीत चामोर्शीला पशुप्रदर्शन भरणार होतं, त्यात दुधाची स्पर्धा होती. साहेब म्हणाले, तुमची सर्वांत चांगली गाय घेऊन या. जंगलातली गाय स्पर्धेत उतरली तर नाव होईल — आणि हो, चामोर्शीच्या दवाखान्यात एक जागा रिकामी होते आहे, तुमच्या मनात आहे ना?

हे ऐकल्यावर अम्मीनं त्याच संध्याकाळी ट्रंक बाहेर काढली. तिला इतक्या आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. भांडी कागदात गुंडाळताना ती गुणगुणत होती. आपण तर चाललोच, म्हणून तिनं कोंबड्या शेजारी वाटून टाकल्या, आणि मोगरीला रोज स्वतःच्या हातानं मूठभर गूळ भरवायला लागली. मी मात्र त्या ट्रंकेकडे बघून उदास व्हायची. नदी, राजेबाईचं अंगण, मोगरीचं वासरू... मला कुठेही जायचं नव्हतं. पण मला विचारतं कोण!

गावात सामान पोचवून परत निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून आम्ही निघालो — पुढे अम्मी, मी आणि ती ट्रंक, मागे तणसावर मोगरी, तिचं वासरू, राजेबाई आणि अब्बा. वाटभर अम्मी ड्रायव्हरला सांगत होती, आता आम्ही चामोर्शीलाच राहणार.

प्रदर्शनाच्या मैदानात पताका, लाउडस्पीकर, कढईतल्या भज्यांचा वास आणि शिंगांना रंग लावलेली जनावरं. दुधाच्या स्पर्धेत आमचा पुकारा झाला. मोगरीला मध्ये आणलं, वासराला बाजूला खुंट्याला बांधलं. काळा चष्मा लावलेले साहेब पुढे येऊन उभे राहिले. धार काढायला ठेवलेला गवळी बादली घेऊन खाली बसला आणि त्यानं कासेला हात लावला...

मोगरीच्या कासेला माणसाचा हात आजवर लागलाच नव्हता. तिनं अशी लाथ मारली की गवळी एकीकडे आणि बादली खणखणत थेट साहेबांच्या बुटांपाशी. गर्दीत हशा पिकला. पण राजेबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आपल्या डोळ्यांदेखत चोरी होत असल्यासारखी ती धावत आली आणि गवळ्यासमोर उभी राहिली.

"काय करून राह्यले तुमी? दूध काऊन काढून राह्यले?"

"अगं, स्पर्धा आहे बाई," गवळी कपडे झटकत म्हणाला.

"दूध तं वासराचं हाय!" राजेबाई म्हणाली. "आमी नाई काढत. त्याच्या मायचं दूध, त्यानंच प्यावं." तिनं खुंट्याची दोरी सोडली. वासरू धावत गेलं आणि सगळ्या तालुक्यासमोर ढुशा देत चुपचुप प्यायला लागलं.

अब्बांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या साऱ्या बैठका, ते 'दूध वाढेल', ते 'वासराले पुरते' — सगळं एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पाडून गेलं असावं. गावानं त्यांचं म्हणणं अक्षरशः ऐकलं होतं. दूध वाढलं होतं, आणि ते त्याच्या मालकाच्या पोटात गेलं होतं.

"राजेबाई, हे आधी सांगायचं नाही का?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"तुमी पुसलं नाई, डॉक्टरभाऊ."

अम्मीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. बदली गेली, हे मला तिच्या हातावरून कळलं. पण तेवढ्यात वासरांच्या स्पर्धेचे परीक्षक तिथून चालले होते. ते थांबले. हे वासरू कुणाचं, त्यांनी विचारलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, छातीभोवती फीत टाकली, आकडा वाचला, आणि पुन्हा एकदा टाकून वाचला. मैदानातल्या कुठल्याही वासराचा घेर त्याच्या जवळपास नव्हता.

सुदृढ वासराचं पहिलं बक्षीस राजेबाईला मिळालं. बक्षीस म्हणून काय, तर झकास चकचकीत दुधाची बादली! ती हातात घेऊन राजेबाईनं तिच्यात डोकावून पाहिलं, आत काही आहे का म्हणून.

बादली बुटांपाशी आल्याचा साहेबांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी अब्बांना मंचावर बोलावून खांद्यावर हात ठेवला, आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं की असं संगोपन त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. "अशा माणसाला तिथून हलवणं म्हणजे त्या वासरांवर अन्याय होईल. मी तो कदापि होऊ देणार नाही!"

कडकडून टाळ्या झाल्या. अम्मीनंही वाजवल्या. वाजवता वाजवता तिला त्या वाक्याचा अर्थ कळत गेला आणि तिचे हात हळूहळू थांबले... मला मनातून झालेला आनंद मी कसाबसा लपवला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला रडूही आलं.

परतीच्या ट्रकमध्ये ती ना मराठीत बोलली ना हिंदीत. ट्रंक तशीच बांधलेली आमच्या पायांशी होती. मध्ये एके ठिकाणी गाडी थांबली तेव्हा राजेबाई मागून उतरून आली आणि तिनं ती बादली अम्मीच्या मांडीवर ठेवली. "ठेवा, बाई. माह्या काय कामाची?" अम्मी बादलीकडे बघत राहिली. आणि मग हसायलाच लागली — डोळ्यांतून पाणी येईपर्यंत; त्यातलं हसण्याचं किती आणि रडण्याचं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. गावी पोचल्यावर राजेबाईनं वाटलेल्या कोंबड्या एकेक गोळा करून आणून दिल्या.

नोकरीच्या अगदी शेवटी अब्बांना चामोर्शी मिळाली. अम्मीचं स्वतःचं घर झालं, दारात नळ आला, सकाळी दुधाची पिशवी यायला लागली. निवृत्त झाल्यावर अब्बांनी परसात एक गाय आणली, तिला हिरवा चारा, कोरडा चारा, खुराक सगळं मापात. ती गाभण राहिली तेव्हा ते रोज तिच्याशी बोलत बसायचे. तिचं वासरू बघायला मात्र ते राहिले नाहीत. शेवटपर्यंत लोक त्यांना डॉक्टरभाऊच म्हणत. मयतीला आलेल्या एकानंही तसंच म्हटलं, आणि त्याची चूक दुरुस्त करायला कुणी उरलं नव्हतं.

परवा मी नवऱ्याला घेऊन माहेरी गेले. परसात वासरू हुंदडत होतं, ती जुनी बादली पाण्यानं भरून त्याच्यापुढे ठेवलेली होती. घरभर ढेपेचा वास. अम्मीनं आत जाऊन खुंटीवरची अब्बांची फीत आणली आणि माझ्या हातात दिली. तिला स्वतःला त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत.

"पाह्य बरं," ती म्हणाली. "राजेबाईच्या वासराएवढं झालं का?"

मी वासराला दोन्ही गुडघ्यांत धरलं, छातीभोवती फीत गुंडाळली. फीत झिजून मऊ झाली होती, तिला अजून आयोडिनचा वास येत होता. त्या दिवशी मंचावर मोठ्यानं वाचलेला तो आकडा मला पाठच होता.

"नाही गं. अजून नाही झालं."

"मंग पिऊ दे त्याले," अम्मी म्हणाली, आणि जावयाच्या हातात काळ्या चहाचा कप दिला.