वाफेनंतरचं पाणी

कारखान्यात त्याला सगळे चकाचक म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. कारखाना बटाट्याच्या वेफर्सचा, काम टाक्या धुण्याचं, तेही बावीस वर्षं. टाकीच्या तळाशी, नाल्यात, जाळीत साचणारा बुळबुळीत थर हा त्याचा जन्माचा वैरी. ब्रश घेऊन असा तुटून पडायचा की बघणाऱ्याने म्हणावं, अरे बाबा, पत्रा तरी शिल्लक ठेव.

आणि गंमत बघा, मालकांनी मागच्या खोलीत नेमका तोच बुळबुळीतपणा मुद्दाम पिकवायचं ठरवलं. सालींचे ढीग नाहीतरी फुकटच जात होते. त्यासाठी एक मॅडम आल्या, खूप शिकलेल्या, पण बोलायला साध्या. त्यांनी त्याला समजावलं, "सालींचं पाणी उकळून गार करायचं आणि त्यात आपले जिवाणू सोडायचे. ते खाऊनपिऊन चिकट डिंक तयार करतात. तीन दिवसांत पाणी मधासारखं दाट होतं. डिंक वाळवून भुकटी करायची. सॉसमध्ये घालतात. ज्यांना पाणी गिळता येत नाही, त्यांच्या पाण्यातही घालतात."

शेवटचं ऐकून चकाचकचा ब्रश थांबला. त्याच्या बायकोला वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून पातळ काही घेतलं की ठसका लागून तिचा जीव घाबरा व्हायचा. असलीच भुकटी कालवून दाट केलेलं पाणी ती चमच्याने घ्यायची. डबा लांबून मागवावा लागे, आणि तो तळाला गेला की दोघांचे चेहरे उतरत. तीच भुकटी इथे, हाताशी होणार होती.

पण कसलं काय. पहिली खेप नासली, दुसरी नासली, तिसरीही. पाणी पातळच्या पातळ, वर नाकाला रुमाल लावावा असा वास. मालकांनी सांगून टाकलं, चौथी बिघडली तर खोलीला कुलूप. चकाचकने ते मनाला लावून घेतलं आणि टाकी आणखी घासली.

त्या रविवारी त्याने बायकोची वाटी उकळत्या पाण्यातून काढली आणि सवयीने नळाखाली धरली. बायको खुर्चीतून बघत होती. तिचे शब्द अजून एकेक करून यायचे.

"उकळली ना?"

"हो."

"मग नळ... कशाला?"

"अगं, शेवटचा हात. पाण्याचे डाग राहतात."

बोलला आणि जागच्या जागी थिजला. प्रत्येक खेपेआधी मॅडम, बाहेरचे जंतू मरावेत म्हणून, रिकाम्या टाकीत संध्याकाळभर वाफ सोडून, तिला बंद करून जायच्या. आणि हा पठ्ठ्या सकाळी सहाला, त्या यायच्या आत, झाकण उघडून पाइपचं न उकळलेलं पाणी फिरवायचा. डाग दिसू नयेत म्हणून. तिन्ही वेळा.

गुपचूप पाणी मारायचं बंद केलं असतं तरी कोणाला काय कळणार होतं? हा विचारही त्याच्या मनात आला, खोटं कशाला सांगू. पण मॅडम सगळं खापर जिवाणूंवर फोडून ते टाकून द्यायला निघाल्या होत्या.

सोमवारी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, जिवाणू चांगले आहेत. घाण मी करतोय."

बायकोच्या वाटीपासून सगळं ऐकून मॅडम स्टुलावर बसल्या. "तीन महिने मला धड झोप नाही," त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. मग झाकणाचा पाना त्याच्या हातात ठेवला. "वाफेनंतर झाकण उघडायचं नाही. तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कोणालाही उघडू द्यायचं नाही."

चौथ्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी ढवळणाऱ्या मोटरचा आवाज जड झाला. मॅडमनी थोडं पाणी काढून त्याच्या बोटांवर सोडलं. त्याने बोटं लांब केली तर तार निघाली, आणि तुटेचना. बावीस वर्षं जे खरवडून काढलं, ते बघून त्याचे डोळे भरून आले.

"तपासण्या, परवानग्या, वर्ष तरी जाईल," मॅडम म्हणाल्या. "तोवर चिमूटभर भुकटीही घरी न्यायची नाही."

घरी येऊन त्याने बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःच्या पराक्रमासकट. ती हसली, खूप दिवसांनी. म्हणाली, "किती वेळा... सांगितलं. कमी घासा."

"पण अजून वर्ष लागेल गं."

"मग थांबते की... मी."

त्याने वाटी उकळत्या पाण्यातून काढली, आणि डागांसकट तशीच तिच्यापुढे ठेवली.